वाचक विचारतात : फाल्गुन-चैत्रातली पाखरे आणि रानफुले

होळी आणि रंगपंचमीच्या आसपास आमच्याकडे येणारे प्रश्न दरवर्षी थोडेफार सारखेच असतात : हा पक्षी कोणता, ते फूल कोणते, आणि गेल्या महिन्यापर्यंत दिसत होते ते सगळे कुठे गेले. यंदा इंदूर आणि आसपासच्या वाचकांचे निवडक प्रश्न घेतले आहेत. पाखरांविषयीची उत्तरे एकाने आणि झाडाझुडपांविषयीची दुसऱ्याने लिहिली आहेत. जिथे दोघांचे विषय एकमेकांत गुंतले, तिथे दोघांनी मिळून लिहिले आहे.

प्रश्न : जर्मनीत राहणारी भाची दर वसंतात जंगलाचे फोटो पाठवते. झाडांखाली निळ्या-पांढऱ्या फुलांचा नुसता सडा असतो. ते बघून आम्ही मार्चमध्ये राळामंडल अभयारण्यात गेलो, तर खाली वाळका पाला आणि दगड. आपल्याकडे वसंतात रानफुले नसतातच का?
*(एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)*

असतात, पण तुम्ही खाली बघत होता. मान वर करायला हवी होती.

थंड मुलखात बर्फ वितळून जमीन ओली झालेली असते आणि झाडांना अजून पाने फुटलेली नसतात. ऊन जमिनीपर्यंत पोचते, मातीत ओल असते, त्यामुळे तेवढ्या चार-सहा आठवड्यांत जमिनीवरची छोटी रोपे फुलून घेतात. माळव्यात गणित उलटे आहे. इंदूरला वर्षाकाठी साधारण ९०० ते १००० मि.मी. पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या झाडांची पाने गळतात तेव्हा ऊन खाली पोचते खरे, पण वरच्या वीतभर मातीत ओल शिल्लक नसते. वीतभर मुळांच्या रोपाने फुलायचे कशाच्या जोरावर? फुलू शकतात ती खोल मुळांची झाडे. म्हणून आपला वसंत फांद्यांवर असतो : पळस, काटेसावर, पांगारा, सोनसावर, अंकोल, मोह. यातली बरीचशी पाने झाडून फुलतात. पाने नसली की फूल लांबून दिसते, आणि पळस-सावरीसारख्या झाडांचे परागीभवन करणाऱ्या पाखरांना तेच हवे असते.

जमिनीवरच्या रानफुलांसाठी त्याच राळामंडलला किंवा जानापाव टेकडीच्या उतारावर ऑगस्टमध्ये जा. तेरडा, केना, रानहळद, कळलावी, मुसळी, सगळे तेव्हाचे. मार्चमध्येही खाली अगदीच काही नसते असे नाही. वाटेच्या कडेला भुईरिंगणीची जांभळी फुले, उन्हाळी नावाच्या झुडपाची गुलाबी-जांभळी फुले, रुई, पाथरी, पडीक जागेत पिवळा धोत्रा. सिरपूर तलावाचे पाणी मागे सरते तिथल्या ओल्या काठावर जलपिंपळी जमिनीलगत पसरते. तिची फुले मुगाच्या दाण्याएवढी असतात, उकिडवे बसल्याशिवाय दिसत नाहीत. पिवळ्या धोत्र्याच्या बोंडांना मात्र मुलांना हात लावू देऊ नका. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांचे तेल खाद्यतेलात मिसळले गेले की अंगावर सूज येण्याचा गंभीर आजार होतो.

अभयारण्यात फूल, बी, पीस काहीही उचलायला परवानगी नाही, हे ओघाने सांगून ठेवतो.

प्रश्न : राळामंडल आणि चोरलच्या बाजूला तीन झाडे दिसली, नावे सांगाल का? एकाला एकही पान नाही आणि वाटीएवढी पिवळीजर्द फुले. दुसरे कमरेएवढे झुडूप, फांदीभर लहान लालभडक नळ्या. तिसरे काटेरी, पांढरी सुवासिक फुले, पाकळ्या मागे वळलेल्या.

अनुक्रमे सोनसावर (काही जण गणेर म्हणतात), धायटी आणि अंकोल. सोनसावर खडकाळ उतारावरच भेटते, काळ्या मातीच्या शेतात शोधू नका. धायटीची सुकी फुले आयुर्वेदात आसवे-अरिष्टे आंबवायला वापरतात. जंगलात तिच्यापाशी दहा मिनिटे उभे राहिलात तर शिंजीर (फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) हमखास येतो.

प्रश्न : कोकीळ नेमकी कुठून येते? थंडीत कधी दिसली नाही, आणि फेब्रुवारी संपता संपता पहाटे साडेचारला सुरू होते. तसेच “पेरते व्हा” ओरडणारा पक्षी. हे सगळे स्थलांतर करून येतात का?
*(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)*

कोकीळ कुठूनही येत नाही. ती तुमच्याच कॉलनीतल्या वडा-पिंपळावर हिवाळाभर होती, फक्त गप्प होती. दिवस मोठा होऊ लागला की पाखरांच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते आणि नराला कंठ फुटतो. गातो तो नर : काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसती “किक्-किक्-किक्” अशी घाईची ओरड. कावळ्यांची घरटी साधारण एप्रिलपासून बांधून होतात, तोवर कोकीळ नर जागा राखून बसतो. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना सहसा घरट्याबाहेर ढकलत नाही. त्याचे अंडे दोन-चार दिवस आधी फुटते आणि घास मिळवण्यात ते पुढे राहते, तेवढे त्याला पुरते.

“पेरते व्हा” म्हणणारा पावशा. तोही मुख्यतः इथलाच, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा. उडताना तो इतका शिक्रा (छोट्या पाखरांची शिकार करणारा पक्षी) वाटतो की चिमण्या-बुलबुल आरडाओरडा करून उठतात. बसला की चोच बघा : शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसाधी.

तांबट आणि दयाळ हेही बारमाहीच. तांबटाची “टुक्-टुक्” जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते, दयाळ मार्चपासून मनावर घेतो.

खरोखर बाहेरून येणारे वेगळे. मार्चअखेरीस हळद्या वाढतात, एप्रिलमध्ये स्वर्गीय नर्तक. नवरंग मेअखेर ते जून, दाट सावलीच्या नाल्यांत. त्याची दोन सुरांची शीळ पहाटे आणि दिवेलागणीला ऐकू येते, दुपारी शोधून उपयोग नाही. आणि चातक मॉन्सूनच्या तोंडावर, आफ्रिकेकडून. तो एप्रिलमध्ये दिसला असे कोणी सांगितले तर फोटो मागा.

प्रश्न : बाल्कनीत बोगनवेलीच्या फांदीला (फांदी तारेने बांधली आहे) एक लोंबते घरटे आहे. एक काळा-निळा पक्षी दिवसभर खाली उभ्या गाडीच्या आरशावर चोच मारतो. दोन्हीचा संबंध आहे का? घरटे हलवावे का? मुंग्याही आहेत.
*(एक वाचक, रामबाग, इंदूर)*

घरटे शिंजिराचे, आणि आरशावर धडका देणारा त्याच घरट्याचा मालक म्हणायचा, जरी घरटे बांधण्यात त्याचा काहीही वाटा नसला तरी. बांधकाम एकटी मादी करते : कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पाने, अळ्यांची विष्ठासुद्धा. लांबून कचरा अडकल्यासारखे दिसते, तोच त्याचा बचाव. बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. आत बहुधा दोन अंडी, चौदा-पंधरा दिवस ती एकटीच उबवते. अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्यावर नर चारा आणायला मदत करतो. पिल्ले आणखी दोनेक आठवडे आत राहतात. म्हणजे बांधकाम धरून तुम्हाला पाच-सहा आठवडे बाल्कनी जपून वापरायची आहे.

हलवू नका. दोन हात बाजूला नेले तरी मादीला ते आपले वाटत नाही. ती जुन्या जागेवर घिरट्या घालते आणि पिल्ले आत उपाशी राहतात. तार सैल झाली असेल तर फांदी आहे त्याच जागी दुसऱ्या सुतळीने पक्की करा, उंची आणि दाराची दिशा बदलू न देता. हे काम मादी बाहेर गेल्यावर पाच मिनिटांत उरका. कुंडीला पाणी बुडाशी घाला, पाइपचा फवारा वरून मारू नका.

मुंग्यांसाठी पावडर किंवा औषध मारायचे नाही. औषध लागलेले किडेच पिल्लांच्या पोटात जातात. मुंग्या तारेवरून येत असतील तर तार भिंतीला जिथे अडकवली आहे तिथे, घरट्यापासून लांब, बोटभर पेट्रोलियम जेली लावा. घरट्याजवळ लावलीत तर ती पिसांना चिकटेल. बोगनवेल दुसरीकडे भिंतीला टेकत असेल तर मुंग्या तिथून येतील, तेवढी डहाळी कापा.

आरशाचे सोपे आहे. त्याला तिथे दुसरा नर दिसतो. गाडी उभी केली की आरशावर कापडी पिशवी चढवा. खिडकीच्या काचेवर हेच होत असेल तर काचेला बाहेरून साबणाचा पुसट थर द्या. आतून पडदा लावल्याने प्रतिबिंब जास्तच ठळक होते. विणीचा जोर ओसरला की हा उद्योग आपोआप थांबतो. नंतर तोच नर पिवळसर होऊन गळ्यापासून पोटापर्यंत एकच काळी रेघ मिरवतो, तेव्हा त्याला नवा पक्षी समजू नका.

साखरपाणी टांगू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते काही तासांत आंबते. हमेलिया आणि रसेलिया या फुलझाडांची एकेक मोठी कुंडी लावलीत तर वर्षातले बरेच महिने शिंजीर येत राहील.

प्रश्न : दोनदा पळस लावला, दोन्ही वेळा मेला. एकदा नर्सरीतून रोप आणले, एकदा मित्राच्या शेतातून हातभर रोप उपटून आणले. काळ्या मातीत पळस येत नाही का?
*(एक वाचक, महू)*

काळ्या मातीत पळस उत्तम येतो, पाणी तुंबलेलेही सोसतो. मारतो आपण, उपटून. पळसाचे रोप वर हातभर असते तेव्हा त्याचे सोटमूळ खाली त्याहून लांब गेलेले असते. उपटताना ते तुटते आणि रोप महिनाभर हिरवे राहून मग मान टाकते.

नर्सरीच्या रोपाबद्दल आधी एक शंका : ते पळसच होते ना? पळसाला पाने तीनच हे खरे, पण पांगाऱ्यालाही तीनच, आणि छोटी रोपे सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. खोडावर काटे असतील तर पांगारा. पळसाचे पान जाड, खरखरीत, कडक. पत्रावळी उगीच होत नसत. पळसच असेल तर पिशवी उथळ असणार आणि मूळ तळाशी गोल फिरलेले असणार. अशी रोपे कधीच जोर धरत नाहीत.

बियाण्यापासून करा. शेंगा मे महिन्यात वाळून तपकिरी होतात. शेंग वीतभर लांब, कागदासारखी चपटी, आणि बी एकच, अगदी टोकाला. टोक दाबून बघा : बी भरीव लागले पाहिजे आणि त्यावर बारीक भोक नको, भोक म्हणजे आत किडा. बी ताजे वापरा, मागच्या वर्षीच्या बियांवर भरवसा ठेवू नका. भाजणे, घासणे, उकळते पाणी, कशाचीही गरज नाही.

उत्तम म्हणजे जागेवरच पेरणी. जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर हातभर खोल, हातभर रुंद खड्डा खणून तीच माती भुसभुशीत करून परत भरा. प्रत्येक खड्ड्यात तीन बिया, आडव्या, दोन-तीन सें.मी. खोल. ओल टिकली तर दहा-पंधरा दिवसांत उगवतात. पुढच्या वर्षी सगळ्यांत जोमदार एक ठेवा. कंपाउंडच्या भिंतीपासून पाच मीटर तरी लांब.

पिशवीतच करायचे असेल तर पिशवी किमान ३० सें.मी. खोल हवी. काळी माती, वाळू आणि कंपोस्ट समभाग. नुसती काळी माती भरलीत तर पाणी देताना चिखल आणि वाळली की तडा, त्या तड्यात कोवळे मूळ तुटते. रोप त्याच पावसाळ्यात, ऑगस्टपर्यंत जमिनीत गेले पाहिजे.

आणि आता ज्या कारणाने सर्वांत जास्त पळस मरतात ते. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत रोपाचा वरचा भाग अनेकदा पूर्ण वाळतो. माळी ते उपटून टाकतो. उपटू नका. मूळ जिवंत असते, पावसाबरोबर बुडातून नवा कोंब येतो, बहुधा आधीपेक्षा जाड. काडी खोचून जागा दाखवून ठेवा आणि जुलैअखेरपर्यंत थांबा. फुलांना मात्र बरीच वर्षे लागतील, ती मनाची तयारी ठेवूनच लावा.

प्रश्न : रंगपंचमीला पळसाचा रंग करतो. फुले तोडल्याने पाखरांचे नुकसान होते का?

राजवाड्याची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघून येणाऱ्यांनी घरी तरी हाच रंग खेळावा असे आमचे मत आहे. तोडू नका, वेचा. पळसाखाली सकाळी गळून पडलेली फुले पोत्याने असतात आणि त्यांचा रंग तितकाच उतरतो. १०० ग्रॅम सुक्या फुलांना दोन लिटर पाणी, रात्रभर भिजवून सकाळी पंधरा मिनिटे उकळा आणि गाळा. पिवळा-केशरी येतो. चिमूटभर खायचा चुना टाकला की गडद होतो. जास्त टाकलात तर डोळे चुरचुरतील. तयार पाणी दुसऱ्या दिवशी वास मारते, त्यामुळे लागेल तेवढेच करा.

प्रश्न : एप्रिलमध्ये रेसिडेन्सी भागातल्या आमच्या बागेत पांढरा, फूटभर लांब रिबिनीसारख्या शेपटीचा पक्षी चार दिवस दिसला आणि गेला. त्याला थांबवता येईल का?

तो स्वर्गीय नर्तक, हिंदीत दूधराज, मध्य प्रदेशचा राज्यपक्षी. पांढरा म्हणजे प्रौढ नर. तरुण नर आणि मादी तांबूस असतात, त्यामुळे बरोबर “दुसऱ्या जातीचा” तांबूस पक्षी दिसला असेल तर तोही हाच. शहरातल्या बागेत तो बहुतेकदा वाटेवरचा मुक्कामी असतो. घरट्यासाठी त्याला गर्द सावली आणि जवळ पाणी लागते, तसे नाले चोरलच्या खोऱ्यात आहेत.

चार दिवसांचे दहा करणे मात्र जमते, पाण्याने. त्याला स्थिर सकोऱ्यापेक्षा टपकणारे पाणी आवडते. आंघोळीची त्याची पद्धत पाहण्यासारखी : फांदीवरून सूर मारून छाती पाण्याला लावायची, वर जायचे, पिसे झाडायची आणि पुन्हा. दोन-चार वेळा हे झाले की उंच फांदीवर बसून पाचेक मिनिटे शेपटी साफ करतो.

मातीची पसरट परात घ्या, ४० ते ५० सें.मी. रुंद. पाणी कडेला दोन आणि मध्ये पाच सें.मी., त्याहून खोल नको. मध्ये एक खरबरीत दगड, अर्धा पाण्याबाहेर. वर फांदीला मडके टांगा, बुडाला सुईएवढे भोक, त्यात सुती वात. सेकंदाला साधारण एक थेंब पडला पाहिजे. धार लागली तर मडके तासाभरात रिकामे, आणि वात फार घट्ट बसली तर दुपारपर्यंत थेंब बंद. परात झाडाच्या सावलीत, दीड-दोन मीटरवर बसायला मोकळी फांदी, पण दोन-तीन मीटरच्या आत जमिनीलगत दाट झुडूप नको, मांजर तिथेच दबा धरते. पाणी रोज बदला. दर तिसऱ्या दिवशी काथ्याने घासा, साबण नको. पाणी आठवडाभर तसेच राहिले तर पाखरांऐवजी डास पाळाल. येण्याची वेळ बहुधा दुपारी चारनंतरची.

प्रश्न : अंगणातल्या शेवग्याची वाळकी फांदी मार्चमध्ये कापायची आहे. त्यात तांबट टोचत असतो. नुसता टोचतो की घरटे करतो?

फांदीच्या खालच्या बाजूला बघा. चार-पाच सें.मी.चे गोल, कडा स्वच्छ असलेले भोक आणि खाली जमिनीवर ताजा भुसा असेल तर घरटे. भोक खालून असते कारण वरून पाऊस शिरतो. वर-बाजूला वेडेवाकडे खड्डे असतील तर कोणीतरी किडे शोधले आहेत. खोदण्यापासून पिल्ले उडेपर्यंत दोन-अडीच महिने जातात, म्हणजे जूनपर्यंत थांबावे लागेल. फांदी रस्त्यावर किंवा तारेवर झुकली असेल तर भोकाच्या पुढचा, टोकाकडचा भाग कापून वजन कमी करा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना हातभर लाकूड राहू द्या. यापुढे छाटणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. कोणतेही घरटे अंड्या-पिल्लांसकट उतरवणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे छाटणीला आलेल्या माणसांनाही सांगा; त्यांना बहुधा माहीत नसते.

प्रश्न : यशवंत सागरवर जानेवारीत पट्टकदंब हंस होते, मार्चअखेर एकही नाही. पाणी कमी झाले म्हणून गेले का?

नाही, वेळ झाली म्हणून. पट्टकदंब हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे विणीला जातात. थापट्या आणि तलवार बदकेही याच दिवसांत निघतात. पळस-सावरीवर गोंगाट करणाऱ्या गुलाबी पळसमैना एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे वळतात आणि पाऊस संपायच्या आतच परततात. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. सारस मात्र इथेच राहतात, ते बघायला उन्हाळ्यातही जा.

प्रश्न : मानपूरजवळ आमच्या बांधावर मोहाची झाडे आहेत. फुले वेचणारे खालचा पाला जाळतात. त्याने काही बिघडते का?

बिघडते. रातवा आणि टिटवी याच दिवसांत जमिनीवर, उघड्यावर अंडी घालतात. रातव्याची अंडी तर पाल्यातच, घरट्याशिवाय. शिवाय मोहाची स्वतःची कोवळी रोपे जळतात, म्हणूनच अनेक ठिकाणी म्हातारे मोह आहेत आणि तरुण एकही नाही. झाडाखाली खराट्याने गोल झाडून घ्या, पाला बांधाला लावा. किंवा हिरवी शेडनेट, नाहीतर जुन्या साड्या जोडून चार खुंट्यांवर कमरेएवढ्या उंचीवर ताणा. फुले पहाटेपासून गळतात, जाळीतली फुले माती न लागता मिळतात आणि वाळल्यावर भावही बरा येतो. वेचणाऱ्यांना जाळी तुम्हीच आणून दिलीत तर वाद न होता काम होईल.

प्रश्न : फोनवरचे मर्लिन ॲप हळद्याला कधी भारतीय म्हणते, कधी युरोपीय. खरे कोणते?

माळव्यातल्या बागेत जवळजवळ नेहमी भारतीय. नराच्या डोळ्याजवळची काळी पट्टी डोळा ओलांडून मागे गेलेली असेल तर तोच. युरोपीय हळद्यात ती डोळ्यापाशी थांबते. नुसत्या आवाजावर नोंद करू नका. टकाचोरही मधूनच असा गोड सूर काढतो की ॲपच काय, माणसेही फसतात. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करा, फोन खिशातून बाहेर काढा आणि किमान अर्धा मिनिट चालू ठेवा.